न आलेली हाळी

आमच्या घरामागचा ऊस कालपासून तुटायला लागला. लग्न होऊन मी अवसरी बुद्रुकला आले त्याला बरीच वर्षं झाली. दर हिवाळ्यात तोडणीची टोळी आली की घरातले सगळे खूश असतात. सासूबाई जनावरांना उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे मिळणार म्हणून, पोरं फडात बसून ऊस सोलायला मिळणार म्हणून. मी एकटीच त्या दिवसांत चिडचिडी होते. आमटीत मीठ दोनदा पडतं. कुणी मागून हाक मारली की हातातलं भांडं सुटतं. नवरा म्हणतो, 'तुला उसाची बाधा आहे.' तो थट्टेनं म्हणतो आणि मीही हसून वेळ मारून नेते. पण बाधा हा शब्द माझ्या माहेरी, निमगाव सावात, एका मुलीला कायमचा चिकटला होता, आणि तो चिकटायला कारण मी होते. हे त्याला मी अजून नीट सांगितलेलं नाही.

ऊस उभा असतो तोवर त्याची सळसळ कानाला इतकी सवयीची होते की आपण ती ऐकतही नाही. तुटायला लागला की ती रोज थोडी थोडी कमी होते. मग एके दिवशी लांबच्या वस्तीवरचं दार लावल्याचा आवाजसुद्धा येतो. लोकांना मोकळं मोकळं वाटतं. माझे डोळे मात्र जो तुकडा अजून तुटायचा राहिलाय तिकडेच जातात. चारी बाजूंचं रान मोकळं झालं की आत दडलेलं सगळं त्या उरलेल्या तुकड्यात गोळा होतं. ससे, डुकरं, रानमांजरं, साप. आणि तो. माहेरी, दिवस मावळल्यावर आमच्या मळ्यात बिबट्याचं नाव कुणी घेत नसे. 'तो' म्हणायचे, फार तर 'जनावर'.

दोन हजार आठ साल सरत आलं होतं, मी नववीत होते. माझा चुलतभाऊ संतोषदादा रांजणगावच्या एमआयडीसीत एका कोरियन कंपनीत लाईनवर कामाला होता. दिवाळीला इतरांचे भाऊ ड्रेस आणतात, सेंट आणतात. ह्यानं एक सीडी आणली. कंपनीतल्या कुणाकडून तरी कॉपी केलेली, वर निळ्या मार्करनं 'कोरिया डान्स' असं लिहिलेलं. आमच्या चायना डीव्हीडी प्लेयरमध्ये ती घातली आणि पाच मुली हसत हसत पडद्यावर आल्या. पिवळ्या-गुलाबी पँटी, एकसारखे बूट, पाचही जणींचे हात एकाच क्षणी वर. गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं. आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे चुलते, ओट्यावरून डोकावून म्हणाले, 'ही कंच्या गावची भजनी मंडळी म्हनायची?' घरात सगळे खो खो हसले. मी हसले नाही. शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी तेच कोळीनृत्य आणि तीच लेझीम. ह्या वर्षी आपण हे नाचायचं, असं मी त्याच मिनिटाला ठरवून टाकलं.

गॅदरिंगच्या सरांनी विचारलं, 'भाषा कुठली?'

'कोरियन, सर.'

'शिव्या-बिव्या नाहीत ना?'

'माहीत नाही, सर.'

'मग आवाज जरा बेतानं ठेवा,' एवढं म्हणून त्यांनी परवानगी दिली. आम्ही पाच जणी झालो. तिघी गावठाणातल्या, त्यांच्याबरोबरचा सराव शाळेत व्हायचा. मळ्यात राहणाऱ्या दोघीच, मी आणि मंगल.

मंगल माझ्याच वर्गात होती. तिचे वडील चिंधूकाका मूळचे मढच्या वरच्या अंगाचे. तिकडे त्यांचं भाताचं एक खाचर होतं, थोडी नाचणी निघायची, पण वर्षाचं भागत नसे. म्हणून ते बायको-पोरीला घेऊन आमच्याकडे सालानं कामाला राहिले होते, आमच्या उसाच्या पलीकडे कुडाचा झाप, म्हणजे झोपडी, घालून. मंगल अंगानं काटकुळी, बोलायला कमी, अभ्यासात माझ्या पुढे. तिच्या गावी लग्नात, होळीला बायका फेर धरून नाचतात, तिनं ते लहानपणापासून केलेलं. त्यामुळे असेल, आपला पाय कुठे पडतोय हे तिला खाली बघावं लागायचं नाही. मी सतत खालीच बघायचे.

ते नाच सोपे होते, म्हणजे बसून बघणाऱ्याला. आठ मोजायचे आणि पुन्हा आठ मोजायचे, बास. पण मी पाय लक्षात ठेवला की हात विसरायची, हात आठवला की मान ताठ व्हायची, आणि तिन्ही जमले की तोंडावरचं हसू गायब. रिमोटवर 'स्लो'चं बटण होतं, ते दाबलं की त्या मुली पाण्यात चालल्यागत हलायच्या आणि चित्र थरथरायचं. आम्ही एकेका हालचालीला नावं पाडली. भाकरी थापायची, पाणी शेंदायची, माशा हाकलायची, जीप थांबवायची. 'आता दोन भाकऱ्या, एक जीप, मग गिरकी,' असं मंगल म्हणायची आणि मला एकदम सगळं समजायचं. संतोषदादाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, 'कोरियात हे कळलं तर कंपनी बंद करून जातील ते.'

आठवड्याभरानं मंगलच्या लक्षात आलं की आम्ही सगळं उलटं शिकलोय. पडद्यावरच्या मुली समोर तोंड करून नाचत होत्या, त्यांचा डावा हात आम्हाला उजवीकडे दिसत होता आणि आम्ही उजवाच उचलत होतो. मला रडूच आलं. मंगल जरा विचार करून म्हणाली, 'ऱ्हाऊ दे. पाचीजनींनी उलटं केलं तर कुनाला कळतंय? समद्यांनी केलं की त्येच सुलटं.' मला ते फार पटलं. आम्ही तसंच चालू ठेवलं.

डिसेंबरात टोळ्या आल्या आणि रानं मोकळी व्हायला लागली. पहिल्यांदा शेजारच्या मळ्यातलं कुत्रं गेलं, साखळी आणि पट्टा तेवढा राहिला. मग एका गोठ्यातलं वासरू. विहिरीजवळच्या ओल्या मातीत सकाळी ठसे दिसायचे, तात्या त्यावर वीत ठेवून बघायचे आणि पायानं पुसून टाकायचे. ओढ्याच्या कडेला पिंजरा लागला, त्यात शेळी बांधली होती. संध्याकाळी ती ओरडायची ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आई परात आपटून भाकऱ्या थापायची, मुद्दाम. रानात बायका मोठमोठ्यानं बोलत काम करायच्या, एकमेकींची उणीदुणी काढायच्या, गाणी म्हणायच्या. शांत राहायची सगळ्यांना भीती वाटत होती.

त्या दिवसांत मळ्यात कुणी रानात खाली बसत नसे. आमच्या नाचात एके ठिकाणी आठ मोजेपर्यंत उकिडवं बसून हात फिरवायचे होते. अंगणात आम्ही ते करत असताना तात्या काठी आपटत आले. 'ती बसायची इस्टेप काढून टाका. बसल्यालं मानूस त्याला शेळीएवढं दिसतंय.' आम्ही ती काढून टाकली. तिथे आम्ही नुसत्या उभ्या राहून आठ मोजायचो आणि मोजताना दोघींचेही डोळे उसाकडे जायचे.

आमच्या अंगणापासून मंगलच्या झापापर्यंत उसाच्या दोन पट्ट्यांमधून जाणारा बांध होता. चार-पाच मिनिटांची वाट. मधोमध विहीर, तिच्याशेजारी मोटारीची खोली, तिच्यावर स्लॅब. ह्या वाटेचा मळ्यात एक नेम होता. दिवेलागणीला त्या वाटेनं जो जाईल त्यानं मुक्कामाला पोचल्यावर हाळी द्यायची, 'पोचले ओऽऽ.' ज्या घरून तो निघाला त्या घरातल्या एकानं तोवर अंगणात उभं राहायचं, हाळी ऐकायची आणि उलटी 'ओऽऽ' द्यायची. तीन आरत्या म्हणून होतील एवढ्या वेळात हाळी आली नाही तर गड्यांनी बॅटऱ्या आणि डबडी घेऊन निघायचं. फोन तात्यांकडे होता, चिंधूकाकांकडे नव्हता. आणि असता तरी त्या खोलगटात रेंज यायची नाही. मंगल सरावानंतर घरी निघाली की अंगणात उभं राहायचं काम माझं होतं.

मी ते नेमानं केलं. हिवाळ्यात लवकर अंधारून यायचं, अंगाला गारठा झोंबायचा, पण मी हलायची नाही. तिची हाळी बारीक आणि लांबलचक असायची, शेवटी थोडी वर चढलेली. ती ऐकून मी उलटी 'ओऽऽ' द्यायची, मगच घरात जायची.

आताही कधी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले की मी उगाच थांबते. अवसरीत आता कुणी हाळी देत नाही, सगळ्यांकडे फोन आहेत. शेजारच्या मुली मोबाइल भिंतीला टेकवून ठेवतात आणि असलीच गाणी लावून नाचतात. त्यांना नावं ठाऊक असतात, शब्द ठाऊक असतात, कुठली पोरगी कुठल्या गटातली तेही ठाऊक असतं. परवा एक जण मला म्हणाली, 'वहिनी, तुम्हाला कसं काय येतं हे?' माझे हात आपोआप हलले होते. मी तिला काहीतरी थाप मारली आणि खाली आले. थापा मारायला मला कधीच जड गेलं नाही, हाच तर सगळा घोळ आहे.

गॅदरिंगला चार दिवस उरले होते. आजूबाजूची सगळी रानं तुटली होती, उभा होता तो आमचाच ऊस, त्या वाटेच्या दोन्ही बाजूंचा. टोळी परवा आमच्याकडे येणार होती. त्या दिवशी शाळेत सरांनी आमचा नाच पहिल्यांदा पूर्ण बघितला. ते म्हणाले, 'मंगल पुढे, मधोमध. अश्विनी, तू मागच्या कोपऱ्यात.' सीडी माझी, डीव्हीडी माझा, कल्पना माझी, आणि मी मागच्या कोपऱ्यात. मी घरी येईपर्यंत मंगलशी एक शब्द बोलले नाही. तिला कळलं होतं. ती म्हणाली, 'मी सांगू का सरांना, अश्वीला म्होरं घ्या म्हनून?' मी म्हणाले, 'नको. तुझे उपकार नकोत.'

त्या संध्याकाळी वीज नव्हती. आम्ही तोंडानं आठ मोजत दोनदा नाच केला, तोही एकमेकींकडे न बघता. दिवस बुडाला. मंगलनं दप्तर खांद्याला लावलं आणि म्हणाली, 'जाते. अश्वे, हाळी ऐक गं.' मी 'हं' म्हणाले. ती बांधाला लागली आणि उसाआड झाली. मी अंगणात उभी राहिले. तेवढ्यात घरात लख्खकन दिवे आले आणि चालू राहिलेल्या टीव्हीतून ते गाणं मोठ्या आवाजात सुरू झालं.

मी आत गेले. दोनच मिनिटं, असं मनाशी म्हणाले. मधला जो तुकडा मला जमत नव्हता तो ती नसताना पक्का करायचा होता. ती नसताना हे महत्त्वाचं होतं. मला तिची जागा हवी होती का? हो, हवी होती. एक कडवं झालं, दुसरं झालं. स्वयंपाकघरातून आई ओरडली, 'मंगलची हाळी आली का गं?'

'आली.'

'ओ दिलीस का?'

'दिली.'

दोन शब्द, दोन खोटी. त्या वेळी मला ते खोटं वाटलंही नाही. रोज येते, आजही आली असणार. गाण्याच्या आवाजात ऐकू आली नसेल. गाणं संपलं की मी पुन्हा लावायचे. वीज त्या दिवशी टिकली, इतकी कधी टिकत नसे. माझा मधला तुकडा जमला. आरशात बघून मी हसले, अगदी त्या मुलींसारखी.

आठच्या सुमाराला चिंधूकाका बॅटरी घेऊन, रात्रीचा बांध टाळून गाडीरस्त्याच्या लांबच्या वळशानं दारात आले. 'आज पोरीचा लईच उशीर झाला, वयनी. म्हनलं घिऊन जावं.'

आईच्या हातात पळी होती. 'भाऊ, ती तर कवाच गेली. हाळी आली की तिची.'

आई माझ्याकडे बघत होती. टीव्हीवर त्या पाच मुली नाचतच होत्या, त्यांना बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मग तात्यांनी ओट्यावरून 'डबडी घ्या रं' अशी हाक दिली आणि गडी धावत सुटले. मी खांब धरून उभी होते. पत्र्याच्या डब्यांचा आवाज उसात शिरला, लांब गेला, थांबला. तो थांबला तेव्हाची भीती मला शब्दांत सांगता येणार नाही. मी देवाला म्हणाले, ती जिवंत असू दे, मी सगळं खरं सांगेन.

ती जिवंत होती. मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर पोटाशी पाय घेऊन पडली होती. खाली ओल्या मातीत ठसे होते, खोलीच्या भोवती भोवती फिरलेले. चिंधूकाकांनी तिला पाठीवर घालून आमच्या अंगणात आणलं. तिचे दात वाजत होते. आईनं तिला घोंगडी लपेटली, पाणी पाजलं.

'हाळी दिल्यावर परत कशापायी आलीस गं बाय?' आईनं विचारलं.

'मी हाळी दिलीच न्हाई,' मंगल म्हणाली. 'मी पोचलेच न्हाई. हिरीजवळ त्यो समोर आला. मी वर चढले. त्यो खाली बसून ऱ्हायला. वरडाया गेले तर आवाजच फुटंना.'

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीही पाहत होती. देवाला दिलेला शब्द माझ्या ओठावर होता. पण तात्या समोर उभे होते, वडील उभे होते, गडी उभे होते, आणि चिंधूकाकांच्या हातात ती बॅटरी अजून चालू होती. एवढ्या माणसांसमोर, मी नाचत होते म्हणून ती दोन तास तिथे पडून होती, असं मला सांगायचं होतं. मी म्हणाले, 'आली होती. मी ऐकली. तिचाच आवाज होता.'

तात्या खाली बसले. रानात कुणी बसत नसलं तरी अंगणात ते बसले. जमिनीकडे बघत म्हणाले, 'मंग ही हाळी दिली कुनी?'

त्या क्षणापासून बिबट्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. बिबट्या काय, दिसतो, पिंजऱ्यात सापडतो. पण पोरीच्या आवाजात हाळी देणारं दुसरंच काही आमच्या उसात होतं, आणि ते नेमकं मंगलचा आवाज घेऊन बोललं होतं. एक म्हातारी म्हणाली, आवाज घेतला म्हणजे अर्धी पोरगी घेतली. मंगल 'मी दिली न्हाई, आलीच नसंल' असं पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ती जितकं सांगत होती तितके लोक तिच्यापासून मागे सरकत होते. मला ते दिसत होतं. मी खांब सोडला नाही.

तिला शाळेत पाठवलं नाही. नारायणगावच्या पुढचा कुणी माणूस येऊन लिंबं उतरवून गेला, पोरीला उंबऱ्याबाहेर काढू नका म्हणाला. आठ दिवसांत चिंधूकाकांनी झाप मोडला आणि बिऱ्हाड मढला नेलं. तोवर आमचा ऊसही तुटला होता. आत काहीच निघालं नाही, दोन रानमांजरं आणि एक फुटका डबा. बिबट्या त्यानंतर आमच्या मळ्यात दिसला नाही.

गॅदरिंगला मी पुढे, मधोमध नाचले. सर म्हणाले, 'आता तूच घे ती जागा.' मधला तुकडा मला चांगला यायला लागला होता. टाळ्या पडल्या. त्या मला आवडल्या. हे लिहायला लाज वाटते, पण आवडल्या. घरी येऊन मी पायपुसण्यावर बसून रडले, आईला वाटलं दमले.

पुढच्या हिवाळ्यात मळ्यातला नेम बदलला होता. हाळी तीनदा यायला हवी, मगच उलटी 'ओ' द्यायची, कारण 'ते' दोनदाच हाळी देऊ शकतं म्हणे. हे कुणी ठरवलं माहीत नाही. आईनं मला तो नवा नेम समजावून सांगितला, मला, आणि मी मान डोलावली. मी बारावी झाले, मंचरला कॉलेजला गेले, आणि सुट्टीत आले की बघायची, चार-पाच वर्षांची पोरं खेळताना तीन हाळ्या मोजायची. मी घडवलेल्या त्या भुताला आता माझी गरज उरली नव्हती. मला त्या पोरांची भीती वाटायची.

शेवटी मी मढला गेले, चारेक वर्षांपूर्वी. भाताची झोडणी चालू होती. मंगल खळ्यावर पेंढी आपटत होती. तशीच काटकुळी, केसांत थोडं पांढरं. तिच्या सोयरिकी दोनदा जमून मोडल्या, हे मला एस.टी.तच शेजारच्या बाईनं सांगितलं होतं. 'चांगली हाय पोरगी, पन बाधा झाली व्हती तिला, तिकडं निमगावला.' मी खिडकीबाहेर बघत राहिले होते.

मंगलनं मला ओळखलं. पाणी दिलं. मी तांब्या हातात धरूनच म्हणाले, 'मंगल, त्या दिवशी हाळी आली नव्हती.'

'म्हाईत हाय,' ती म्हणाली. 'मी दिलीच न्हवती.'

'मी खोटं बोलले.'

'त्येबी म्हाईत हाय.'

'मग तू कुणाला बोलली का नाहीस?'

तिनं हातातली पेंढी खाली ठेवली. 'बोलले की. तुमच्या अंगनात बोलले, तात्यांसमोर बोलले. तुज्या तोंडाकडं बघून बोलले. तू मळ्याच्या मालकाची लेक, आमी सालावरची. कुनाचं खरं धरनार लोक?' मग म्हणाली, 'तुला एक सांगू? वर बसले व्हते ना, तवा तुमच्याकडचं गानं ऐकू येत व्हतं. संपलं की वाटायचं, आता अश्वी भायेर येईल, हाळी आली न्हाई म्हनून वरडंल. मग परत लागायचं. दर येळंला परत लागायचं.'

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, जवळ आली नाही.

'मला सांगून काय उपेग?' ती म्हणाली. 'आमच्या बाला सांग. त्यो अजून दर अमुशाला माज्यावरून लिंबू उतरतो.'

चिंधूकाका पडवीत उन्हाला बसून दोर वळत होते. खूप थकले होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. वीज आली तिथपासून, आई ओरडली, मी 'आली' म्हणाले, अंगणात पुन्हा 'आली' म्हणाले. काही काही लपवलं नाही. मंगल दारात उभी राहून ऐकत होती. त्यांचे हात थांबले होते. मला वाटलं, आता ते शिव्या देतील, मारतील. मारावं, असंच मला वाटत होतं.

ते म्हणाले, 'न्हाई. तू बारकी व्हतीस तवा, इसरलीस. हाळी आली व्हती.'

'नाही आली काका. मी शपथेवर सांगते.'

'आली व्हती,' ते म्हणाले. 'मीबी ऐकली व्हती. ह्या कानांनी. मंगलचाच आवाज, पन मंगल न्हवती.' त्यांनी दोर पुन्हा मांडीवर घेतला. 'न्हायतर मी काय येडा व्हतो का, पोरीची शाळा सोडवाया?'

मी मंगलकडे बघितलं. ती बापाकडे बघत होती. त्या रात्री हेच काका बॅटरी घेऊन तिला न्यायला आमच्या दारात आले होते. मग तिनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

'झालं ना सांगून?' ती म्हणाली. 'आता जा. चारची एस.टी. चुकली तर हितं मुक्काम पडंल.'